कर्ज यंत्रानं नाकारलं, तर कायदा कुणाचा बरा?

पंचवटीतल्या एखाद्याचं वैयक्तिक कर्ज ॲपनं परस्पर नाकारलं, तर? आपला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माहितीपुरतं बघतो: संमती घेतली का, माहिती नीट सांभाळली का. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, पण तो सरकारजमा. ‘का नाकारलं?’ विचारायचा हक्क त्यात नाहीच.

युरोपचा २०२४चा एआय कायदा थेट यंत्रालाच धरतो. माणसाची पत ठरवणारी प्रणाली ‘उच्च जोखमीची’. निर्णयात तिचा वाटा काय, याचा खुलासा मागता येण्याची त्यात तरतूद आहे. अंमल टप्प्याटप्प्यानं, कागदपत्रं ढीगभर. तरी मला तोच पटतो.

आणि सिंहस्थात रामकुंडावर चेहरे ओळखणारे कॅमेरे लागले तर? युरोपात पोलिसांना अशी थेट ओळख मोजक्या अपवादांतच करता येते. आपल्याकडे केंद्र सरकार अधिसूचना काढून सरकारी यंत्रणांना कायद्यातून सूट देऊ शकतं.