अकिराचा सहावा खंड की नाउसिकाचा सातवा?

‘अकिरा’ आणि ‘नाउसिका’ हे दोन्ही जपानी चित्रपट पाहून झालेत, आता त्यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायची आहे, पण एका वेळी एकच मालिका घेणं खिशाला परवडतं, अशा वाचकासाठी हे लिहितेय. माझं मत आधीच सांगते: आधी नाउसिका घ्या. का, ते शेवटच्या खंडात दडलंय, त्यामुळे शेवट फोडल्याशिवाय मला सांगता येणार नाही. ज्यांना ते चालत नाही त्यांनी इथेच थांबून दुकान गाठावं.

दोन्ही मालिका १९८२ साली सुरू झाल्या. कात्सुहिरो ओतोमोची ‘अकिरा’ ‘यंग मॅगझिन’मध्ये १९९० पर्यंत चालली आणि सहा खंडांत संपली. हायाओ मियाझाकीच्या ‘नाउसिका’ला सात खंडांसाठी १९९४ उजाडलं, कारण मालिका थांबवून तो मध्येमध्ये चित्रपट करायला जायचा. दोघांनीही गोष्ट अर्धवट असतानाच तिच्यावर स्वतःच चित्रपट काढला. १९८४च्या नाउसिका चित्रपटात साधारण पहिल्या दोन खंडांपुरतीच गोष्ट आहे. १९८८च्या अकिरात अफाट मानसिक शक्ती मिळालेल्या तेत्सुओ या पोराचं पुढे काय होतं ते दिसतं, पण निओ-टोकियो हे भविष्यातलं शहर कोसळल्यावर त्या ढिगाऱ्यांत माणसं कशी जगली हा जवळजवळ सगळा भाग गायब आहे.

अकिराचा सहावा खंड चारशेच्या वर पानांचा आहे आणि एका संध्याकाळी वाचून होतो. पानंच्या पानं शब्दांवाचून जातात. तेत्सुओचं शरीर त्याच्या ताब्यात राहत नाही, मांस फुगत जातं, समोर येईल ते गिळत जातं, आणि शेवटी त्याचा लहानपणचा मित्र कानेदाही त्यात ओढला जातो. आत त्याला तेत्सुओच्या आठवणी दिसतात. त्यात लहानपणीची त्यांची पहिली भेट आहे. एवढ्या पडझडीनंतर ती दोन पोरं समोर आली की पोटात कालवतं. इमारती कोसळताना ओतोमो एकेक खिडकी काढतो, असं काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. चित्रकलेसाठीच मांगा वाचणाऱ्यांनी माझं न ऐकता अकिराच घ्यावी.

नाउसिकाचा सातवा खंड पानांनी निम्माच, पण मला चार रात्री लागल्या. चौकटी लहान, रेषा दाट, आणि प्रत्येक पानावर कुणीतरी काहीतरी ठरवत असतं. मूळ जपानी खंड तपकिरी शाईत छापलेत. मोबाइलवर वाचायच्या भानगडीत पडू नका, निम्मे तपशील दिसतच नाहीत. खंडाच्या सुरुवातीलाच ओमा आहे, हजार वर्षांपूर्वी जग जाळणाऱ्या राक्षसी योद्ध्यांपैकी एक. तो गोष्टीच्या नायिकेला, नाउसिकाला, आई म्हणतो. त्याचं अंग सडतंय, त्याच्या प्रकाशात विष आहे, त्यानं ती स्वतः आजारी पडतेय, आणि तरीही ती त्याला नाव देते, समजावते, रागावते. तिच्या खांद्यावरचं ते इवलंसं जनावर, तेतो, याच खंडात मरतं. ते पान मी लगेच उलटू शकले नाही.

आता शेवटाबद्दल. दोन्ही गोष्टींत उद्ध्वस्त जगाला कुणीतरी वाचवायला आलेलं असतं, आणि दोन्हींत त्यांना नकार मिळतो. अकिरात संयुक्त राष्ट्रांचं पथक मदत घेऊन येतं. कानेदा आणि त्याची पोरं त्यांना हाकलून लावतात, हे आमचं राष्ट्र आहे म्हणून ठणकावतात आणि मोटारसायकलींवर निघतात. मेलेले मित्र क्षणभर शेजारून धावतात, मोडकं शहर पुन्हा उभं राहताना दिसतं. वाचताना अंगावर काटा येतो. पण उद्या खायचं काय, पाणी कुठून आणायचं, हे प्रश्न त्या वेगात मागे पडतात.

नाउसिकाला असा जल्लोष करता येत नाही. शुवा शहरातल्या थडग्यापर्यंत, म्हणजे जुन्या माणसांचं ज्ञान जपणाऱ्या वास्तूपर्यंत, पोहोचता पोहोचता तिला कळतं की विषारी जंगल निसर्गानं नाही, जुन्या माणसांनी घडवलंय, जमीन शुद्ध करण्यासाठी. आताची माणसंही त्या विषात जगता येईल अशी बदललेली आहेत. हवा स्वच्छ झाली की तीच मरतील. त्या स्वच्छ जगासाठी शांत, सौम्य अशी नवी माणसं अंड्यांत जपून ठेवलेली आहेत. थडग्याच्या भिंतीवर वर्षातून दोनदा, दोन्ही अयनदिनांना, ज्ञानाची एकेक ओळ उमटते, आणि तेवढ्यासाठी पिढ्यान् पिढ्या विद्वान तिथे बसून आहेत. नाउसिका हे सगळं ओमाच्या हातून नष्ट करवते, न जन्मलेल्या माणसांसकट. मग बाहेर येऊन लोकांना खरं सांगत नाही. चित्रपटातली निळ्या कपड्यांतली तारणहार मुलगी इथवर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिचं चुकलं की बरोबर, यावर माझं मत अजून बदलतं, आणि म्हणूनच मी हा खंड पुन्हा पुन्हा काढते.

घेताना एवढं पाहा. दोन्हींचा शेवटचा खंड सुटा घेऊन उपयोग नाही. नाउसिकाचे सातही भाग दोन जाड पुस्तकांच्या संचात इंग्रजीत निघालेत. चित्रपट पाठ असला तरी पहिले भाग गाळू नका, गोष्टीतली एक मोठी सत्ता, दोरोक साम्राज्य, पडद्यावर आलेलीच नाही. अकिराच्या जुन्या इंग्रजी आवृत्त्यांत पानं आरशासारखी उलटवलेली आहेत, उजवा हात डावा होतो. २०१७च्या पुठ्ठा बांधणीच्या संचात ती मूळ जपानी पद्धतीनं, उजवीकडून डावीकडे आहेत. थोडं थांबावं लागलं तरी तोच घ्या.