६.५×५५ आणि १५६ ग्रेनची गोळी: मूसच्या शिकारीतला एका हंगामाचा अनुभव

मूसच्या, म्हणजे उत्तरेकडच्या अवाढव्य हरणाच्या, शिकारीसाठी ६.५×५५ चं काडतूस (६.५ मिलिमीटरची गोळी, ५५ मिलिमीटरचं कवच) आणि त्यात १५६ ग्रेनची (ग्रेन हे गोळी तोलायचं एकक) जड गोळी, ही जोडी मी पुन्हा बिनदिक्कत घेईन. वसंतात रायफल हातात आली, उन्हाळाभर चांदमारी केली, ऑक्टोबरात दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांडच्या जंगलात ती प्रत्यक्ष शिकारीत चालवली आणि आता फ्रीझरमधलं मांस संपत आलंय. स्वीडनमध्ये राहणाऱ्या आपल्या ओळखीतल्या मंडळींपैकी कुणी शिकारीची परीक्षा द्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न हाच येतो: एवढ्या मोठ्या जनावराला एवढीशी गोळी पुरते का? म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्यजीवांना संरक्षण मिळालं आणि ते योग्यच झालं. इथली परिस्थिती वेगळी आहे. मूस वाढले की पाइनची कोवळी झाडं खाऊन फस्त करतात, रस्त्यावर गाड्यांना धडकतात. त्यामुळे दरवर्षी ठरवून शिकार होते. १९८२ साली तर एका हंगामात पावणेदोन लाखांच्या जवळपास मूस मारले गेले होते. आता आकडा खूप खाली आलाय, पण ऑक्टोबरचा दुसरा सोमवार उजाडला की दक्षिण स्वीडनमधली निम्मी गावं अजूनही जंगलात असतात.

सौम्य काडतूस का, ते आधी सांगते. प्रशिक्षणात मी .३०-०६ या जास्त ताकदीच्या काडतुसाची रायफल चालवली होती. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत ६.५ चा धक्का तिच्या सुमारे दोन तृतीयांश बसतो. हा फरक कागदावर फार वाटत नाही, पण विसाव्या गोळीला कळतो. .३०-०६ च्या वेळी चाप ओढण्याआधीच खांदा आखडायचा, पापणी मिटायची आणि गोळी खाली डावीकडे जायची. ६.५ वर हे थांबलं. धक्का सहन होतो म्हणून सराव जास्त झाला, आणि सराव जास्त झाला म्हणून नेम सुधारला. इथल्या चांदमारीच्या मैदानावर ८० मीटरवर रुळांवरून पळणारा लाकडी मूस असतो. त्याच्यावर उन्हाळाभर मनसोक्त गोळ्या झाडता आल्या, संध्याकाळी खांदा दुखला नाही. माझ्या दृष्टीने या काडतुसाची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच.

आता गोळीबद्दल, कारण खरी निवड तिथेच आहे. स्वीडनच्या नियमात मूससाठी दोन वाटा आहेत. गोळी किमान ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर तिच्यात २७०० ज्यूल ऊर्जा उरली पाहिजे. गोळी १० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २००० ज्यूल पुरतात. नॉर्वेत जड गोळीसाठी हीच मर्यादा २२०० आहे. ६.५ मधल्या १४० ग्रेनच्या, म्हणजे ९ ग्रॅमच्या गोळीला १०० मीटरवर २७०० गाठणं जड जातं. १५६ ग्रेन म्हणजे १०.१ ग्रॅम. ती नळीतून साधारण ७८० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते आणि १०० मीटरवर तिच्यात २५०० ज्यूलच्या आसपास उरतात. त्यामुळे इथल्या दुकानात ६.५ आणि मूस असे दोन शब्द एकत्र उच्चारले की विक्रेता न विचारता १५५-१५६ ग्रेनची पेटी पुढे करतो. स्वीडन आणि नॉर्वे एका राजाखाली असताना १८९४ च्या सुमाराला हे काडतूस सैन्यासाठी आलं, तेव्हाही त्यात १५६ ग्रेनचीच लांब, बोथट तोंडाची गोळी होती. फक्त ती फुलणारी, म्हणजे जनावरात शिरल्यावर पसरणारी, नव्हती. शिकारीला फुलणारीच लागते, हाही नियमच आहे.

वजन ठरलं तरी बांधणीचा प्रश्न उरतो. सुरुवातीला मी साधी, शिसं आणि पातळ तांब्याचं आवरण असलेली गोळी घेतली होती. कागदावर गोळ्यांचे सुंदर, घट्ट गट पडायचे. पण आमच्या गटातल्या एकाने तीच गोळी फऱ्याच्या हाडावर मारली तेव्हा तिचे तुकडे झाले आणि त्या बाजूचा खांदा शिशाच्या कणांनी भरला. मूस पडला, पण मांस फार वाया गेलं. त्यानंतर मी नॉर्मा कंपनीच्या ओरिक्स या गोळीवर आले. या गोळीत शिसं मागच्या भागात आवरणाला जोडलेलं असतं, त्यामुळे पुढचा भाग फुलतो पण मागचा अखंड राहतो. लापुआ कंपनीची मेगाही याच वजनाची, बऱ्याच जणांची लाडकी आहे. माझ्या रायफलीला ओरिक्स जास्त मानवली.

प्रत्यक्षात काय झालं? पहिल्या दिवशी मी मचाणावर होते. कुत्र्याने खालच्या दलदलीतून एक पिल्लू उठवलं आणि ते साठेक मीटरवर येऊन आडवं थांबलं. फऱ्याच्या जरा मागे, छातीच्या मधोमध नेम धरला. मूसच्या फुप्फुसांची जागा मोठ्या परातीएवढी असते, सैरभैर न होता तिथे गोळी टाकायची एवढंच काम. गोळी आरपार गेली. पिल्लाने काहीच दाखवलं नाही, चालायला लागलं आणि झाडीत शिरून कोसळलं. हे नवख्यांनी लक्षात ठेवा: मूस गोळी लागल्यावर बहुधा जागच्या जागी पडत नाही. उभा आहे तोवर दुसरी गोळी टाकावी, आणि धक्का कमी असल्यामुळे जनावर दुर्बिणीतून सुटत नाही, ती दुसरी गोळी लगेच टाकता येते. ऑक्टोबर संपता संपता एक मोठी मादी मिळाली. तिच्या बाबतीत पहिली गोळी अलीकडची बरगडी फोडून पलीकडच्या कातड्याखाली अडकली होती. सोलताना बोटाला टणक गाठ लागली. कापून काढली तर तांब्याच्या पाकळ्या मागे वळलेली, छत्रीसारखी फुललेली गोळी. घरी तोलली तर साडेनऊ ग्रॅमच्या आसपास भरली. जखमेभोवती दहा सेंटीमीटर मांस कापून टाकायचा इथल्या अन्न खात्याचा सल्ला आम्ही पाळतो. उरलेल्याचा खिमा काळ्या मसाल्यात अप्रतिम होतो.

मर्यादाही आहेत. गोळी आरपार गेली नाही तर रक्ताचा माग कमी पडतो, आणि दाट झाडीत त्याचा त्रास होतो. माग काढणारा कुत्रा दोन तासांत हजर झाला पाहिजे असा नियम आहे, त्याचं महत्त्व अशा वेळी पटतं. तिरक्या उभ्या मोठ्या नरावर, पोटाच्या बाजूने घुसवायची गोळी मी ६.५ ने टाकत नाही. तसा नर समोर आला होता आणि मी तो जाऊ दिला. अंतराचंही तसंच. १०० मीटरवर नेम बसवलेला असेल तर १५० वर गोळी पाचेक सेंटीमीटर खाली जाते, २०० वर सोळा-सतरा. दीडशेच्या पुढे मी थांबते. स्मोलांडच्या जंगलात तेवढं मोकळं दिसतंच कुठे, पण उत्तरेच्या उघड्या दलदलीत शिकार करणाऱ्यांना जास्त वेगवान काडतूस सोयीचं पडेल.

जुनी लष्करी माउझर रायफल स्वस्तात मिळते म्हणून घेणार असाल तर आधी बंदूककाराला दाखवा, आणि तिच्यात दाब वाढवलेली काडतुसं घालू नका. शिसं नको असेल तर तांब्याची गोळी बघा, पण तांबं हलकं असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते. ६.५ च्या नळीतल्या खाचांचा, गोळीला फिरवणारा जलद पीळ, २०० मिलिमीटरला एक फेरा, ती सांभाळू शकतो. तरी पेटीवरचं वजन आणि १०० मीटरवरची ऊर्जा वाचूनच घ्या.

आणि घरात .३०८ काडतुसाची रायफल आधीच असेल तर ६.५ साठी नवा परवाना काढू नका. त्याच रायफलीच्या नळीला साउंड मॉडरेटर (आवाज दाबणारी नळी) बसवा, धक्का बराच कमी होतो, आणि वाचलेल्या पैशांची काडतुसं घेऊन जूनपासून चांदमारीला जा.