सात महिने झाले, खुर्चीपेक्षा पाटानं जास्त काम केलं

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्स आणि एक्स्पोर्टचे कागद बघते, बारा वर्षं झाली. दिवसाचे आठ-नऊ तास टॅली, एक्सेल, पॅकिंग लिस्ट, ई-वे बिल. मागच्या ऑगस्टमध्ये मी माझी बसायची जागा टेप घेऊन मोजली आणि बदलली, नंतर ऑफिसातल्या बाकी चौघांचीही. त्याला आता सात महिने झाले, म्हणून सविस्तर लिहिते. "कुठली खुर्ची घेऊ" असं विचारणाऱ्यांनी जरा थांबून हे वाचा, मी पण आधी खुर्चीच घेतली होती.

त्रास असा होता, उजवा खांदा, मान आणि करंगळी-अनामिकेला मुंग्या. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीचं रिटर्न, त्या आठवड्यात तर घरी गेल्यावर भाकरी थापायला हात वर होत नव्हता, पीठ मळून सासूबाईंकडं द्यायची. तेव्हा जूनमध्ये ९,८०० रुपयांची जाळीच्या पाठीची खुर्ची घेतली, एर्गोनॉमिक लिहिलेली. दोन महिने बसले त्यावर, दुखणं तसंच.

मग जुळे सोलापुरात एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडं गेले. त्यांनी हात, मान तपासली आणि म्हणाल्या, ऑफिसात बसता तसाच बाजूनं एक फोटो काढून आणा, पोज देऊ नका. शेजारच्या टेबलवरच्या मुलीनं मला न सांगता काढला. तो फोटो बघून मला खरंच धक्का बसला. मी खुर्चीच्या अगदी पुढच्या कडेवर बसलेली, पाठ आणि खुर्चीच्या मध्ये वीतभर जागा मोकळी, पाय जमिनीला नाहीतच, चवडे खुर्चीच्या चाकांच्या दांडीवर अडकवलेले, आणि खांदे कानाजवळ गेलेले. एवढे पैसे घालून घेतलेल्या खुर्चीला माझी पाठ टेकतच नव्हती.

कारण टेबलात होतं. आमची टेबलं ३० इंच उंच आहेत, बहुतेक ऑफिसात एवढीच असतात, आणि माझी उंची ५ फूट १ इंच. पाय जमिनीला टेकवून बसले की माझं कोपर जमिनीपासून साडेचोवीस इंचांवर येतं. म्हणजे टेबल कोपराच्या साडेपाच इंच वर. एवढ्या उंचीवर टाइप करायचं तर खांदे उचलायलाच लागतात, दिवसभर. आणि दमलं की कोपर टेबलाच्या धारेवर टेकवायचं, तिथं कोपरातून जाणारी नस दाबली जाते, म्हणून करंगळी आणि अनामिकेलाच मुंग्या. मॅडम म्हणाल्या, मनगटातली नस दाबली तर मुंग्या अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटांना येतात. हा फरक मला कुणी आधी सांगितलाच नव्हता, मी मनगटाचा पट्टा लावून हिंडत होते.

टेबल कापणं शक्य नव्हतं, मालकांचं सागवानी फर्निचर आहे. मग खुर्चीच वर घेतली, कोपर कीबोर्डच्या उंचीला येईपर्यंत. आता पाय लोंबकळायला लागले. घरून जेवणाचा पाट आणला, तो दोनच इंच. दोन पाट एकावर एक ठेवले तर सरकायचे. शेवटी कारखान्यात पॅलेटचं काम करणाऱ्या सुतारकाकांना पाच इंचाचा पाट करायला सांगितला, पुढं बोटांच्या बाजूला थोडा चढ देऊन, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवून, म्हणजे फरशीवर सरकत नाही. ३५० रुपये घेतले. पहिल्याच दिवशी संध्याकाळी कळलं की खांदे खाली आलेत. सांगून पटणार नाही पण जूनपासूनची खुर्ची मला त्या दिवशी पहिल्यांदा खुर्ची वाटली.

दुसरी गोष्ट खुर्चीची बैठक, ती पुढून मागं किती लांब आहे ते. पाठ टेकवून बसलं की बैठकीची पुढची कड गुडघ्यामागं रुतायची, तिथं दोन-तीन बोटं जागा राहायला पाहिजे. मागं-पुढं सरकणारी बैठक महागड्या खुर्चीत येते. मी आपल्याच कारखान्याचा रिजेक्ट झालेला टर्किश टॉवेल गुंडाळून दोन्ही टोकांना दोरा बांधून कमरेच्या खोलगट भागात लावला. कमरेला आधारही मिळाला आणि बैठकही दोन इंच आखूड झाली. दर आठवड्याला धुते. आपल्या उन्हाळ्यात फोमच्या उशीपेक्षा हे शंभर पटींनी बरं, घाम शोषतं. रेक्झिनच्या खुर्च्या तर सोलापुरात घेऊच नका, एप्रिल-मे मध्ये पाठ चिकटते आणि माणूस आपोआप पुढं सरकून बसतो.

हे झाल्यावर मी जरा अभ्यास केला. रोसा नावाची एक पद्धत आहे, कॅनडातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेली, खास ऑफिसच्या बसण्यासाठी. खुर्ची, मॉनिटर-फोन, माउस-कीबोर्ड असे गुण द्यायचे, आणि सलग तासाभरापेक्षा जास्त किंवा दिवसात चार तासांपेक्षा जास्त बसत असाल तर एक गुण वाढतो. गुण जितके जास्त तितका धोका जास्त, ५ किंवा वर गेलं की त्या जागेची लगेच आणखी तपासणी करा असा अर्थ. माझे जुन्या फोटोवरून ७ आले, आता ३ आहेत. शिवाय अंगाचं चित्र काढून त्याच्यावर कुठं दुखतं ते प्रत्येकाकडून खुणा करून घेतल्या, पाचही जणांकडून. पाचपैकी चौघांनी मान खुणावली. तो कागद मी मालकांपुढं ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, सुताराला सांगा काय लागतंय ते.

आता माझी चूक लिहिते, कारण हीच चूक लोक सर्रास करतात. सगळीकडं लिहिलेलं असतं की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. मी सगळ्यांचे मॉनिटर तसे वर केले. आमचे सीनियर अकाउंटंट काका पंधरा दिवसांनी म्हणाले, "ताई, तुमच्यामुळं माझी मान जास्त दुखायलीय." शेजारी उभं राहून बघितलं तेव्हा दिसलं, काकांना बायफोकल चष्मा, जवळचं दिसतं खालच्या काचेतून, म्हणून ते हनुवटी वर करून, मान मागं टाकून वाचत होते. दिवसभर. त्यांचा मॉनिटर पार खाली आणला, थोडा मागं कलता केला, आठवड्यात फरक पडला. मला फार वाईट वाटलं, पंधरा दिवस ते सोसत राहिले आणि मी कागदावरचं बरोबर आहे म्हणून निश्चिंत. तेव्हापासून बदल केला की दोन दिवसांनी आणि पंधरा दिवसांनी त्या माणसाला परत जाऊन विचारायचंच, हे ठरवून टाकलंय.

माउसचं दुखणं अकाउंट्सवाल्यांना वेगळंच असतं. आपल्याला नंबरपॅड लागतोच, तो उजवीकडं, त्याच्या पलीकडं माउस, म्हणजे उजवा हात कायम बाजूला ताणलेला. माझा खांदा तिथंच धरायचा. मी माउस डावीकडं घेतला. पहिले तीन आठवडे फार चिडचिड झाली, एक्सेलमध्ये सेल पकडता येईना, काम हळू झालं, २० तारखेला तर रडायची वेळ आली होती. बटणं उलटी केली नाहीत, कारण तेच कॉम्प्युटर दुसरेही वापरतात. महिन्यानं हात बसला. आता उजवा हात आकड्यांवर, डावा माउसवर, काम उलट पटापट होतं.

कागदांसाठी जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड घेतला, १८० रुपये. व्हाउचर आधी टेबलावर डावीकडं आडवे असायचे, एका एंट्रीला मान खाली-डावीकडं, परत वर, दिवसात शेकडो वेळा. आता कागद स्क्रीनच्या शेजारी उभा.

खिडकी पाठीमागं होती, दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन स्क्रीनवर, आणि नीट दिसेना म्हणून मी पुढं वाकायची. आधी खिडकीला जुनी चादर लावली तर ऑफिसात अंधार झाला. मग टेबलच फिरवलं, खिडकी बाजूला आली.

काय जमलं नाही तेही सांगते. मनगटाखालची जेलची पट्टी काढून टाकली, टाइप करताना त्यावर मनगट टेकलं की उलट दाब येतो. खुर्चीचे हात खाली-वर होत नव्हते, टेबलाला अडायचे, म्हणून स्क्रू काढून तेही काढले, फोनवर जास्त वेळ बोलताना त्यांची उणीव जाणवते. पाचव्या महिन्यात खुर्ची आपोआप खाली उतरायला लागली, सकाळी लावलेली उंची दुपारी दोन इंच कमी. दुकानदारानं दोन आठवडे टोलवाटोलवी करून मग खुर्ची वर-खाली करणारा सिलिंडर बदलून दिला. त्या दोन आठवड्यांत मुंग्या परत आल्या होत्या. खुर्ची घेताना सिलिंडरची वॉरंटी लिहून घ्या. कूलरचं तोंड मानेवर येऊ देऊ नका, डोळेही कोरडे पडतात.

आणि कितीही नीट बसलं तरी बसून राहणं वाईटच, त्यामुळं पाण्याची बाटली मुद्दाम अर्ध्या लिटरची ठेवलीय, संपली की उठावं लागतं.

आज कसं आहे, तर वहीत मी रोज संध्याकाळी दुखण्याला शून्य ते दहा आकडा लिहिते. जुलैतल्या २० तारखेला ८ होता, या फेब्रुवारीतल्या २० ला ३. मुंग्या गेल्यात जमा, पण सलग तीन तास बसले तर येतात. रात्री झोपेतून जाग येईल एवढ्या मुंग्या असतील किंवा हातातून वस्तू निसटत असतील तर पाट-बिट नंतर करा, आधी डॉक्टरला दाखवा. सगळा खर्च माझ्या जागेचा खुर्ची सोडून हजाराच्या आत.

आता मला शिलाई विभागाची काळजी लागलीय. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बावीस बायका बिनपाठीच्या स्टुलावर बसतात, सगळ्यांना एकाच उंचीचं स्टूल, आणि वाकून वाकून त्यांच्या पाठीची काय अवस्था आहे ते जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर बसले तेव्हा कळलं. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्या विणकराला निदान पायाला जागा असते, यांना पॅडलवर ठेवलेला एक पाय सोडला तर काहीच नाही. शनिवारी वीज बंद असते तेव्हा मशीन बंद राहतात, त्या वेळात मी आणि सुतारकाका टेप घेऊन बावीस जणींची मापं घेणार आहोत. मालकांनी हो म्हटलंय.