१/८ बग्गीचा रोल बार सेट: तांबड्या मातीत आठ महिने

रिमोट-कंट्रोल बग्गीत डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणात गाडीचं झुकणं कमी करणारी तार म्हणजे रोल बार. सेटमध्ये पुढे २.२, २.३, २.४ आणि मागे २.४, २.५, २.६ मिमीच्या तारा येतात. इलेक्ट्रिक बग्गीवर आठ महिने चालवूनही एक तार वाकलेली नाही. दुखणं आहे ते लिंकच्या, म्हणजे बारला चाकाच्या आर्मशी जोडणाऱ्या छोट्या दांडीच्या, प्लास्टिक बॉल-एंडचं (टोकाच्या गोल सांध्याचं). बेळगाव-खानापूरकडची तांबडी माती सुकली की पिठासारखी होते, सांध्यात शिरते, आणि दोन-अडीच महिन्यांत लिंक खुळखुळते. मग वळणाच्या सुरुवातीला बार कामच करत नाही, गाडी झुकल्यावर एकदम पकडतो आणि मागची चाकं सुटतात. तेल अजिबात घालू नका, धूळ आणखी चिकटते. कोरड्या ब्रशने साफ करा, सैल झालं की बदला.

बसवताना आधी लिंक सोडून बार उचलून पाहा. हात सोडताच तो आपल्या वजनाने पडला पाहिजे. अडकला तर ग्रब स्क्रू (बारला जागेवर धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) पाव-पाव फेरा सैल करा, पण बार आडवा हलता कामा नये. मग लिंक जोडा, शॉक (धक्के झेलणारे स्प्रिंगचे दांडे) काढा आणि डावा आर्म (चाक धरणारा हात) हळू उचला. उजवा कुठे उचलायला लागतो ते बघा, नंतर उलट बाजूने तेच. दोन्हीकडे सारखं येईपर्यंत एका लिंकची लांबी फिरवत राहा. ही पायरी चुकली तर गाडी डावीकडे एक वळते, उजवीकडे दुसरंच, आणि माणूस दोष स्प्रिंगला देत बसतो.

तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २.४ ची २.५ केली तर सुमारे १८ टक्के, २.६ केली तर ३८. म्हणून एका वेळी एकच टप्पा, तोही एकाच टोकाला. पुढचा बार जाड केला की स्टीअरिंग मंदावतं, मागची पकड वाढते. मागचा जाड केला की गाडी जास्त वळते, पण गॅस देताना मागून निसटू शकते.

सुट्या तांबड्या मातीवर पुढे २.३, मागे २.४ बरं पडतं. पाऊस पडून ट्रॅक घट्ट झाला आणि गाडी वळणात उलटू लागली की पुढे २.४ घाला. निपाणी-चिकोडीकडची काळी जमीन सुकून भेगाळते, ढेकळं होतात; तिथे दोन्हीकडे सर्वांत बारीक तार, कारण बार एका चाकाचा दणका दुसऱ्यालाही देतो.

हे सगळं राइड हाइट, म्हणजे गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची (पुढे २८, मागे २९ मिमी) आणि डाव्या-उजव्या शॉकची लांबी जुळल्यावरच. थंडीतल्या सकाळी शॉकमधलं सिलिकॉन तेल घट्ट होतं, तेव्हा ५०० ऐवजी ४५० सेंटिस्टोकचं (तेलाच्या घट्टपणाचं माप), म्हणजे जरा पातळ तेल घाला. सुटे बॉल-एंड सेटमध्ये येत नाहीत, आठ आधीच मागवून ठेवा.