चव तीच, पंगत विस्कळीत: सदाशिव पेठेतील एक भोजनालय

सदाशिव पेठेतील या जुन्या भोजनालयात दिवाळीनंतर दोन माणसे बदलली: पोळ्यांचे काम सांभाळणाऱ्या बाई आणि भटारखान्याच्या दाराशी उभे राहून अख्खी पंगत चालवणारे मुख्य वाढपी. आचारी तेच असल्यामुळे चवीला धक्का लागलेला नाही. अळूच्या भाजीतला आंबटगोडपणा पूर्वीइतकाच जमलेला आहे. तरीही जेवण पूर्वीसारखे होत नाही.

अमर्यादित थाळीत पदार्थाइतकीच त्याची वेळ महत्त्वाची असते. जुने वाढपी ताटातली पोळी अर्ध्यावर आली की आत आवाज देत, त्यामुळे ती संपेपर्यंत दुसरी तव्यावरून उतरून, तूप लावून हजर होई. भाताची मूद पडताच मागोमाग वरण, तूप आणि लिंबाची फोड येई, कोणाला हाक मारावी लागत नसे. नवे गृहस्थ अदबशीर आणि चपळ आहेत, परंतु ते स्वतः वाढत फिरतात आणि दाराशी कोणीच उरत नाही. परिणामी आत पोळ्या अंदाजाने लाटल्या जातात, डब्यात एकावर एक रचल्या जातात आणि वाफ धरून कडेने ओलसर होतात. बाहेर एका टेबलावर कोशिंबीर तिसऱ्यांदा विचारली जाते, तर शेजारी भात वरणाची वाट पाहत निवतो. रविवारी तर मसालेभात संपल्यावर मठ्ठा आला.

यात दोष नव्या माणसांचा नसून, एकमेकांच्या हाकेला सरावलेली जोडी एकाच वेळी जाऊ देणाऱ्या व्यवस्थापनाचा आहे. पुण्याच्या आयपीएल संघाने 2017 साली कर्णधारपद धोनीकडून स्मिथकडे दिले, तेव्हा धोनी यष्टींमागे होताच. आदल्या वर्षी सातवा आलेला तो संघ अंतिम सामना मुंबईविरुद्ध अवघ्या एका धावेने हरला. (बेन स्टोक्ससारखा अष्टपैलू खेळाडूही त्याच वर्षी संघात आला, हे खरे.) येथे मात्र जुन्या वाढप्यांना नव्यांसोबत महिनाभर ठेवण्याची तसदीही घेतलेली दिसत नाही.

दर वाजवी आहेत, स्वच्छता उत्तम आहे आणि पार्किंगविषयी पेठेत बोलण्यात अर्थ नाही. आठवड्यातल्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास, गर्दी होण्यापूर्वी गेल्यास पोळी अजूनही तव्यावरून थेट ताटात मिळते. रविवारी पाहुण्यांना घेऊन मात्र तूर्त जाऊ नये.