बागकामाची तीन पुस्तके आणि चाफ्याची परीक्षा

गॅलरीतल्या वीसेक कुंड्या आणि जिन्यामागचा मातीचा एक पट्टा, एवढ्या बागेसाठी मी गेल्या काही वर्षांत पुण्यात बरीच पुस्तके घेतली. त्यांपैकी तीन अजून हाताशी आहेत. नाव मात्र एकाचेच देतो, कारण उरलेल्या दोघांचे दोष त्या प्रकारच्या इतर पुस्तकांतही हमखास सापडतात.

पहिले घरगुती बागकामाचे मराठी पुस्तक आहे. भाषा सोपी, छपाई सुबक. कुंडी भरण्याचे, गांडूळखताचे आणि पाणी देण्याचे प्रकरण खरोखर उपयोगी. मात्र ‘चाफ्याची जाड फांदी तोडावी, चीक सुकू द्यावा आणि कुंडीत लावावी’ हे वाक्य वाचून मी सोनचाफ्याची फांदी मागून आणली, मन लावून जपली आणि दीड महिन्याने ती वाळकी काडी उपटून टाकली. ती कृती देवचाफ्याची होती, हे लेखकाने कुठेच सांगितलेले नाही. देवचाफा मूळचा अमेरिका खंडातला, चिकाचा आणि फांदीपासून सहज रुजणारा. सोनचाफा अगदी वेगळ्या कुळातला, बी लावले तर फुलायला कित्येक वर्षे घेणारा, म्हणून त्याचे कलमच आणावे लागते. हिरवा चाफा तर सीताफळाचा भाऊबंद, आधार मिळाला की वर चढणारा, आणि नागचाफा आणखी निराळा. आता दुकानात पुस्तक हातात आले की मी आधी सूची उघडून चाफा पाहतो. निदान सोनचाफा आणि देवचाफा वेगळे दिले नसतील, किंवा शास्त्रीय नावे नसतील, तर पुस्तक परत ठेवतो. सूचीच नसेल, तर तो संदर्भग्रंथ नव्हे.

दुसरे ब्रिटनमध्ये छापलेले, भारी किमतीचे इंग्रजी पुस्तक. छाटणी कुठल्या डोळ्यावर, म्हणजे फांदीवरच्या अंकुरावर, करायची आणि डोळा भरून कलम कसे करायचे, हे त्यातल्या रेखाचित्रांइतके स्पष्ट मी अन्यत्र पाहिलेले नाही, आणि तेवढ्यासाठी ते ठेवावे. लागवडीचे वेळापत्रक मात्र विसरावे. शेवटचे हिम पडून गेले की टोमॅटोची रोपे बाहेर लावा, हा सल्ला तिथे रास्त आहे. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर लावलेल्या टोमॅटोची फुले उन्हानेच गळतात. कांद्याचेही तसेच: तिकडचे वाण उन्हाळ्यातल्या लांब दिवसांवर पोसतात, त्यामुळे आपल्या रब्बीच्या आखूड दिवसांत त्यांची पात वाढत राहते आणि गड्डा धरत नाही.

तिसरे पुस्तक म्हणजे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’. ती शेतकऱ्यांसाठी असते, त्यामुळे गॅलरीवाल्यांचे तिच्याकडे लक्ष जात नाही. तरीही भाजीपाल्यासाठी मी तिलाच पहिला क्रमांक देईन. लागवडीचा हंगाम, वाण, दोन रोपांतले अंतर, खताची मात्रा आणि कीड-रोग, सगळे आपल्या हवामानाला धरून असते. खरिपाला कांद्याचा बसवंत ७८० आणि रब्बीला एन-२-४-१, असा फरक घरगुती बागकामाच्या पुस्तकांत क्वचितच मिळतो. अडचण एकच, मात्रा हेक्टरी असतात. समजा हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन) सांगितले आहे. हेक्टरमध्ये १०,००० चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम. एक फूट व्यासाच्या कुंडीचे तोंड साधारण ०.०७ चौरस मीटर भरते, म्हणून तिला ०.७ ग्रॅम नत्र लागेल आणि युरियात नत्र ४६ टक्के असल्याने युरिया जेमतेम दीड ग्रॅम, तोही हप्त्याहप्त्याने. हा हिशेब करण्यापूर्वी मी मूठभर टाकत असे आणि पानांच्या कडा का करपतात याचे नवल करत बसे. शोभेच्या पानांच्या झाडांसाठी मात्र या पुस्तकाचा फारसा उपयोग नाही.

पदपथावर स्वस्तात मिळणारी जुनी पुस्तके मोहात पाडतात. घ्यावीतही, पण प्रकाशनाचे वर्ष पाहून कीटकनाशकांची पाने बाद धरावीत. मुंग्यांवर बीएचसी पावडर शिंपडा, असे त्यांत बिनदिक्कत लिहिलेले असते. भारतात तिच्यावर १९९७ मध्येच बंदी आली, आणि एंडोसल्फानवर २०११ मध्ये.

‘कृषिदर्शनी’ दर वर्षी निघते. घरच्या बागेसाठी मी ती तीन-चार वर्षांनी बदलतो आणि कुंडीच्या मापांचा पेन्सिलीने लिहिलेला तक्ता जुन्या प्रतीच्या शेवटच्या पानावरून नव्या प्रतीत उतरवून घेतो.