पुराचा इशारा: सेल ब्रॉडकास्ट की गावचा भोंगा?

सेल ब्रॉडकास्टचा संदेश मोबाइल टॉवरच्या कक्षेतल्या सगळ्या फोनवर एकदमच जातो. नंबरांची यादी लागत नाही, एसएमएससारखी रांगही नाही. तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले आणि परगावचा ट्रकवाला तापीच्या पुलाजवळ असला, तर त्यालाही कळतं. भोंग्याला हे कधीच जमणार नाही.

पण टॉवरला वीज लागते, आणि तीच आधी जाते. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी घुसलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. अशा छोट्या नद्या फुगायला फार वेळ घेत नाहीत, म्हणून वीज गेली तरी इशारा लगेच पोचायला हवा.

ग्रामपंचायतीचा भोंगा बॅटरीवरही चालू शकतो. पोलीसपाटील त्यावरून अहिराणीत सांगतात, "पानी वाढी ऱ्हायनं, ढोरे सोडी द्या!" सरकारी मराठीतला संदेश वाचत बसण्यापेक्षा ओळखीच्या आवाजावर म्हातारी माणसं पटकन उठतात, हे मला फार मोलाचं वाटतं. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांवर रेंजच नाही, तिथे तर दुसरा पर्यायही नाही; तिथे बोलणारा पावरीसारखी तिथली आदिवासी बोली जाणणारा हवा.

तापीकाठी मी ब्रॉडकास्टला पहिली पसंती देईन, सातपुड्यात भोंग्याला. आणि पावसाळ्याआधी दोन्हींची चाचणी गावासमोर व्हावी, बॅटरीसकट.